रिटर्न पाइपला गोल भोक

रोज सकाळी चहाच्याही आधी नाना गाडीखालचा पुठ्ठा ओढून काढायचे, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरायचे आणि डॉक्टर एक्सरे बघतात तसा बघायचे. मग "हं" म्हणायचे. डॉक्टरही एवढंच म्हणतात, पण नानांच्या "हं"मध्ये पेशंटबद्दल जरा जास्त काळजी असायची. पुठ्ठ्यावर तांबूस तेलाचा डाग पडलेला असायचा, कधी बशीएवढा, कधी ताटलीएवढा. नाना त्याच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारायचे, कोपऱ्यात तारीख टाकायचे आणि पुठ्ठा गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला अडकवायचे. अशा एकोणीस पुठ्ठ्यांनी भिंत भरत आली होती. एकोणीस दिवस पॉवर स्टेअरिंगचं तेल गळत होतं, आणि एकोणीस दिवस नानांचा मुलगा त्यांना सांगत होता की पंपाचं सील गेलंय, आणि तसलं सील आता कुठे मिळत नाही.

गळती त्यानेच केली होती.

त्याला घरीदारी सगळे वायसर म्हणत. नट आणि पत्रा यांच्या मधे जी चपटी चकती बसते ती वायसर. लहानपणी तो आईच्या आणि नानांच्या मधे बसायचा, दोघांचं वाजलं की दोन्हीकडून दाबला जायचा आणि हूं की चूं करायचा नाही, म्हणून नानांनी हे नाव ठेवलं. आता तो चाळिशीला टेकला होता, आईला जाऊन सहा वर्षं झाली होती, म्हणजे दाबणारी एक बाजू उरलीच नव्हती. पण नाव बदलायचं कुणाला सुचलं नाही. गिऱ्हाइकं वायसरसाहेब म्हणत. तेवढाच मान.

गाडी वायसरपेक्षा दोन वर्षांनी मोठी. तिचा रंग एके काळी निळा होता, हे कागदपत्रांवरून सिद्ध करता येत असे. मूळची ती जड स्टेअरिंगची. नानांचा डावा खांदा आखडला तेव्हा त्यांनी भंगारात निघालेल्या एका भल्यामोठ्या गाडीचा पंप, टाकी, पाइप, सगळी आतडी काढून हिच्या पोटात बसवली. त्यानंतर स्टेअरिंग एका बोटाने फिरू लागलं. नाना ते आल्यागेल्याला फिरवून दाखवायचे, तेही करंगळीने.

या गाडीतून नाना रोज दुपारी चारला आत्याकडे जायचे. आत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण. तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर. तिथे दोघं साप-शिडी खेळायची. वयं मिळून दीडशेच्या वर, आणि भांडणं इयत्ता दुसरीतली. सहाला नाना परत. गळती लागेपर्यंत तीन वर्षं यात खंड नव्हता.

दोन महिन्यांपूर्वी एकदा नाना आठ वाजता आले. हातात एक अनोळखी छत्री, खिशात अर्धा बिस्किटांचा पुडा. चेहरा खुललेला.

"आत्याची तब्येत एकदम झकास," ते म्हणाले. "चालत होती. केसबीस काळे केलेत."

घरात सगळ्यांना आनंद झाला आणि पाठोपाठ भीती वाटली. दुसऱ्या दिवशी गॅरेजवर फोन आला. आत्याच्या घराच्या दोन गल्ल्या अलीकडून एक गृहस्थ बोलत होते. गाडीच्या मागच्या काचेवरचा गॅरेजचा नंबर त्यांनी लिहून घेतला होता.

"काल तुमचे वडील आमच्याकडे दीड तास बसले होते," ते अतिशय सभ्यपणे म्हणाले. "बायकोला वाटलं माझे काका, मला वाटलं तिचे मामा. विचारायचं कसं? मग आभाळ भरून आलं म्हणून छत्री दिली. सवडीने पाठवा, घाई नाही. आणि ते परत येणार असतील तर जरा आधी कळवा. साप-शिडी मागत होते, आमच्याकडे नव्हती. आणून ठेवू."

वायसरने हे बायकोला सांगितलं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग हसू थांबलं आणि पाणी राहिलं.

तिने नानांना दुकानात नेऊन अक्षरं वाचायला लावली. नानांनी शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली, शिवाय खालच्या कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं.

"डोळे ठणठणीत आहेत," ती वायसरला म्हणाली. "डोळ्यांच्या मागे जे आहे, त्याचा नंबर माझ्या मशीनवर निघत नाही."

आणि मग नानांनी एका सायकलवाल्याला धडक दिली. गॅरेजपासून दोन रस्ते सोडून. वायसर धावत पोचला तेव्हा तो माणूस फुटपाथवर बसला होता, एक बूट पायात, एक हातात. सायकलच्या चाकाचं अंडं झालं होतं. नाना गाडीतून उतरून त्याला समजावत होते.

"तू इथे नव्हतास."

"काका, मी इथेच होतो."

"मग मला कसा दिसला नाहीस?"

"तेच विचारतोय मी."

माणूस भला होता. कोपर खरचटलं होतं, तक्रारबिक्रार काही नाही म्हणाला. वायसरने सायकल गॅरेजवर आणली, नवं चाक बसवून देतो म्हणाला. दिलंसुद्धा. पण मागचं चाक काढायचं तर त्याच्यावर बांधलेली एक लहानशी प्लॅस्टिकची खुर्ची आधी काढावी लागली. तिला पट्टा होता, तीनचार वर्षांच्या मुलाच्या कमरेएवढा. पट्ट्यावर कुणीतरी ससा चिकटवला होता. त्या दिवशी खुर्ची रिकामी होती. वायसरने चाक बसवलं, खुर्ची परत आवळली, आणि नंतर बराच वेळ तो हात धूत उभा राहिला. हातांना काहीही लागलेलं नव्हतं.

साधा उपाय म्हणजे किल्ली लपवणं. ती त्याने पिठाच्या डब्यात लपवली. नानांनी स्क्रूड्रायव्हरने गाडी चालू केली. जुन्या गाडीचं कुलूप ते, झिजून इतकं दिलदार झालं होतं की एकदा तर त्यांनी चहाच्या चमच्याच्या मागच्या टोकाने चालू केली. मग वायसरने बॅटरी काढून ठेवली. वीस मिनिटांत नानांनी दुसऱ्या कुणाच्या गाडीची काढून बसवली, आणि ते दुसरे कुणीतरी संध्याकाळपर्यंत गॅरेजात अडकून पडले. मग त्याने प्लगची एक वायर तोडली. नाना बॉनेट उघडून खो खो हसले. "वायसर, उंदीर आलाय बघ. अडाणी उंदीर. चुकीची वायर खाल्ली."

चाळीस वर्षं ज्याने गाड्या उघडल्या त्याच्यापासून गाडी लपवायची, म्हणजे सुताराला लाकूड दिसू नये असं करायचं.

"तू सरळ तोंडाने सांग ना त्यांना," बायको म्हणाली. "नाना, आता गाडी चालवायची नाही. पाच शब्द आहेत."

"सांगतो."

"कधी?"

"वेळ बघून."

"सायकलवरच्या खुर्चीत पोर बसलेलं असेल तेव्हा?"

बायकोला इथे येऊन बारा वर्षं झाली होती, पण या घराची रीत तिच्या अजून अंगवळणी पडली नव्हती. इथे कुणी तोंडाने काही सांगत नसे. इथे सांगायचं ते गाडीतून. वायसर दहावीला गणितात आपटला तेव्हा नाना चकार शब्द बोलले नाहीत, फक्त त्याला एका ट्रकचा डिझेल पंप पूर्ण खोलून परत जोडायला लावला. लग्न ठरवलंय हे वायसरने सांगितलं ते असं, की त्याने स्कूटरला मागची सीट लावून घेतली, आणि नानांनी ती दाबून बघितली आणि म्हणाले, "हिला स्प्रिंग चांगली टाक." आई गेली त्या आठवड्यात नानांनी गाडीचे चारही शॉकअब बदलले. कुणी त्यांचं सांत्वन करायला आलं की ते गाडी दाबून दाखवायचे. "बघा. आता हादरे बसत नाहीत."

तर या रीतीला धरून वायसरने एका रविवारी दुपारी, नाना झोपले असताना, लाकडी मुठीचा टोच्या घेतला.

विचार त्याचा पक्का होता. नानांना बसल्याजागी सापडणार नाही असा एकच आजार होता, तो म्हणजे खालून गळणं. ते शोधायला गाडीखाली जावं लागतं, आणि खांद्यामुळे नानांनी दोन वर्षांत गॅरेजच्या खड्ड्यात पाऊल ठेवलं नव्हतं. तेल कमी झालं की पंप कण्हायला लागतो, स्टेअरिंग जड होतं, आणि जड स्टेअरिंग नानांच्या खांद्याला झेपत नाही. गाडी जागेवर. नाना जागेवर. सायकली रस्त्यावर. कुणी कुणाला काही सांगायला नको.

पाइप दोन. पंपातून जो जातो तो प्रेशरचा, आणि जो तेल टाकीत परत आणतो तो रिटर्नचा, साधा रबरी, नुसत्या क्लिपांवर बसलेला. वायसरने रिटर्नला टोचलं. बारीक. थेंब फुगला, लोंबला, पडला. पडला तो नेमका सायलेन्सरच्या पाइपच्या दिशेने. तेव्हा त्याने जुन्या बनियनची चिंधी फाडली, दोन पदर केले, भोकाच्या खाली बांधली, म्हणजे तेल चिंधीत मुरेल आणि चिंधीच्या शेपटावरून दुसरीकडे टपकेल. हात आपोआप चालले. आपण घातपात करतोय आणि तो नीटनेटका करतोय, यात काही विसंगत आहे असं त्याच्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी त्याने चिंधी बांधलीच असती.

पहिल्या दिवशी नानांनी टाकी भरली आणि निघाले. समोरच्या रस्त्याने चौकापर्यंत गेले आणि तिथून उलट्या गिअरमध्ये परत आले. सरळ जाता येत होतं, वळता येत नव्हतं.

"चला, मी सोडतो ना तुम्हाला आत्याकडे," वायसर म्हणाला. "स्कूटरवर."

"मी काय गॅसचा सिलिंडर आहे?" नाना म्हणाले, आणि पुठ्ठा शोधायला गेले.

तिथून पुठ्ठे सुरू झाले. आणि बाकी सगळं हळूहळू बंद झालं. आठवड्याने नानांनी दाढी करणं सोडलं. मग दुपारी चारला कपडे बदलून बसायचे तेही सोडलं. गॅरेजात स्टुलावर बसून गाडीकडे बघत राहायचे. गिऱ्हाइकांशी बोलेनात. एकदा त्यांनी वायसरला विचारलं, "ही गाडी कुणाची आलीय?" वायसर म्हणाला, "आपलीच, नाना." "मग बिघडली कशी?" नाना म्हणाले. त्याला उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते टोच्यासकट फळीवर होतं.

अठराव्या दिवशी नानांच्या बदली वायसर आत्याकडे गेला. आत्याने उशीला टेकून पट मांडला. वायसर तीन डाव सरळ हरला.

"तू मुद्दाम हरतोस," आत्या म्हणाली.

"नाही गं. दानच पडत नाही."

"तुझा बाप लबाडी करतो. फासा पांघरुणात पाडतो आणि सहा पडले म्हणतो. त्याच्याशी भांडायला मजा येते. तू अगदीच प्रामाणिक बाबा. कंटाळा येतो." तिने सोंगटी खाली ठेवली. "गाडी कधी होणार?"

"सील मिळत नाही, आत्या."

"तुझ्या बापाला मिळत नाही असं सील अजून जन्माला यायचंय."

वायसरने पट गोळा करायला घेतला. आत्या खिडकीबाहेर बघत होती. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती, तिच्यावर एक पाण्याचा पाइप, आणि त्या पाइपलाही गळती होती.

"मला माहीत आहे रे," ती म्हणाली. "वर्ष झालं असेल. खेळता खेळता मधेच विचारतो, आई कुठे गेली? मी म्हणते, बाजारात गेलीय, येईल. मग बरं वाटतं त्याला. लगेच माझी सोंगटी सापाच्या तोंडात सरकवतो."

"तू आम्हाला सांगितलं नाहीस कधी?"

"काय सांगायचं? पंचावन्न वर्षं झाली आईला जाऊन. पण तो विचारतो ना, मग मीसुद्धा थोडा वेळ वाट बघते."

विसाव्या दिवशी सकाळी नानांनी पुठ्ठा काढला, उजेडात धरला, आणि "हं" म्हणाले नाहीत. त्यांनी भिंतीवरचे सगळे पुठ्ठे उतरवून जमिनीवर ओळीने मांडले आणि त्यांच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग दाढी केली. मग गॅरेजात येऊन म्हणाले, "गाडी खड्ड्यावर घे."

"कशाला? सील..."

"सीलचा थेंब इथे पडत नाही. सीलचा थेंब पुढे पडतो, हा मागे पडतोय. आणि थेंब पडतो तिथून कधी गळत नसतं, हे तुला मी सातवीत शिकवलंय. घे खड्ड्यावर."

"मी उतरतो खाली, नाना. तुमचा खांदा..."

"तू वीस दिवस उतरतोयस."

वायसरने गाडी खड्ड्यावर घेतली. नाना हातात टॉर्च घेऊन, भिंतीला धरत, पाच पायऱ्या उतरले. एकेका पायरीला इतका वेळ लागला की वायसरला प्रत्येक पायरीवर खरं सांगून टाकायची संधी मिळाली. पाचही संधी त्याने सोडल्या.

"टाकी भर. चालू कर," खालून आवाज आला. "आता डावीकडे पूर्ण. टोकाला धरून ठेवू नकोस, पंप मरेल. उजवीकडे. परत डावीकडे."

वायसर स्टेअरिंग फिरवत राहिला. इंजिनाच्या आवाजात खाली काय चाललंय ते कळत नव्हतं. त्याला फक्त आरशात आपलं तोंड दिसत होतं आणि ते कुठल्याही पोलिसाने पहिल्या नजरेत उचललं असतं असं होतं.

"बंद कर."

इंजिन बंद झालं.

"ही चिंधी कुणी बांधली?"

वायसरने आरसा दुसरीकडे वळवला.

"गाठ आतून आहे. शेपूट खाली सोडलंय, म्हणजे पंख्यात जायला नको. गरम पाइपवर थेंब पडू नये म्हणून दोन पदर केलेत." नाना सावकाश बोलत होते, कौतुक केल्यासारखे. बहुतेक ते कौतुकच होतं. "हे माझ्या हातचं काम आहे. पण मी बांधल्याचं आठवत नाही."

मग एकदम लहान आवाजात, "का मीच बांधली रे?"

वायसरचे हात स्टेअरिंगवर होते. हो म्हणायचा अवकाश होता. हो नाना, तुम्हीच बांधलीत, तुम्हाला आठवत नाही हल्ली. झालं. यातला पहिला भाग खोटा होता, दुसरा खरा होता, आणि दोन्ही मिळून काम फत्ते झालं असतं. नाना स्वतःच्या हातांवर विश्वास ठेवायचे थांबले असते. मग गाडीचं राहू दे, त्यांनी पान्यालाही हात लावला नसता.

"मी बांधली," वायसर म्हणाला.

"हं," खालून आलं. वीस दिवसांत पहिल्यांदा त्या "हं"मध्ये जीव होता. "म्हणजे मी नाही ना?"

"नाही नाना. मी."

"भोक गोल आहे. रबर म्हातारं झालं की तडकतं, चिरा पडतात. गोल होत नाही. टोच्या?"

"हो."

"कुठला?"

"लाकडी मुठीचा."

"तो माझा आहे."

"हो."

"रिटर्नलाच का पाडलंस?"

"प्रेशरला पाडलं असतं तर फवारा उडाला असता. सायलेन्सरवर पेटलं असतं."

"कुणी शिकवलं?"

"तुम्ही."

नाना पाच पायऱ्या चढून वर आले. वायसरने हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. पण झिडकारलाही नाही, त्या हातात टॉर्च ठेवला. भिंतीवरच्या रबरी पाइपच्या गुंडाळीतून त्यांनी वीतभर जास्त धरून तुकडा कापला. टोकं सरळ छाटली. वायसर खड्ड्यात उतरला आणि वरून नाना सांगत गेले. जुन्या क्लिपा फेक. नळीचं तोंड पूस, नुसतं पुसू नकोस, बोट फिरवून बघ. क्लिप टोकाला नको, जरा आत. बस, आता अर्धा पिळा. जास्त नको, रबर कापेल. एकदाही त्यांचं काही चुकलं नाही. कुठला पाना कुठल्या खिळ्यावर आहे, कुठल्या डब्यात क्लिपा आहेत, टाकी किती भरायची, तेलातला फेस जाईपर्यंत स्टेअरिंग किती वेळा फिरवायचं, सगळं जिथल्या तिथे. वायसर खाली उभा राहून वर बघत होता आणि त्याला वाटत होतं, या माणसाला काय झालंय? काहीच झालेलं नाही. आपणच दुष्ट आहोत.

मग दहा मिनिटं वाट बघितली. म्हणजे गाडीखाली नवा पुठ्ठा टाकला आणि दोघं दोन स्टुलांवर बसून राहिले, दवाखान्याबाहेर बसतात तसे. पुठ्ठा कोरडा निघाला. नानांनी पेन्सिल काढली.

"आज तारीख काय?"

वायसरने सांगितली. नानांनी कोरड्या पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात ती लिहिली आणि पेन्सिल कानावर अडकवली.

"आता तोंडाने सांग," ते म्हणाले.

"काय?"

"ज्यासाठी भोक पाडलंस ते."

वायसरने तोंड उघडलं. पाच शब्द होते. बायकोने मोजून दिले होते. त्याने नानांकडे बघितलं, गुळगुळीत दाढी, कानावर पेन्सिल, हातात पुठ्ठा.

"नाना," तो म्हणाला, "पंख्याचा बेल्टपण बदलायला झालाय."

नानांनी त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं.

"बदलू," ते म्हणाले.

चार वाजता ते कपडे बदलून आले, कोरडा पुठ्ठा शेजारच्या सीटवर टाकला, स्क्रूड्रायव्हर कुलपात घातला आणि निघाले. किल्ली अजून पिठात होती.

वायसर दारात उभा राहिला. गाडी समोरच्या रस्त्याने सरळ गेली, सुरेख गेली, पंप कण्हत नव्हता. चौकापाशी थांबली. डावा इंडिकेटर लागला. आत्याकडे डावीकडे जायचं असतं. वायसरने श्वास सोडला. मग डावा बंद झाला आणि उजवा लागला. मग उजवा बंद होऊन डावा. मग काही वेळ काहीच नाही. मागे एक टेम्पो येऊन थांबला, त्याच्या मागे आणखी दोन गाड्या. हॉर्न वाजू लागले. नानांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि पुढे जा, पुढे जा अशी अत्यंत आदबशीर खूण केली. एकेक जण वळसा घालून पुढे गेला. नाना तिथेच. परत उजवा. परत डावा.

वायसर चालत गेला. धावावं असं वाटत होतं, पण धावलो तर लोकांना कळेल, असं त्याला वाटलं. काय कळेल, ते ठरवलं नव्हतं.

नानांनी त्याला खिडकीत बघून आश्चर्य दाखवलं नाही.

"खाली बघ रे," ते म्हणाले. "परत गळतंय का."

वायसर भर चौकात गुडघ्यांवर बसला, डोकं गाडीखाली घातलं. नवा पाइप चकचकीत होता. क्लिपा जागेवर. एक थेंब नाही.

"कोरडं आहे, नाना."

"मग अडलंय कुठे?"

गाडीखालून नानांचा चेहरा दिसत नव्हता. रस्त्यावरची खडी गुडघ्यात रुतत होती. वर इंडिकेटर टिकटिक करत होता.

"नाना," वायसर पाइपकडे बघत म्हणाला, "आता गाडी चालवायची नाही."

टिकटिक चालू राहिली. चालूच राहिली. मग थांबली.

तो उठून कपडे झटकेपर्यंत नाना शेजारच्या सीटवर सरकले होते. पुठ्ठा मांडीवर, दोन्ही हात पुठ्ठ्यावर. त्या सीटवर ते आयुष्यात कधी बसले नव्हते. तिथून आपली गाडी कशी दिसते हे बघत असल्यासारखे ते समोर बघत होते. वायसर आत बसला आणि त्याने गाडी डावीकडे घेतली.

"टोकाला धरून ठेवू नकोस," नाना म्हणाले.

"नाही धरत."

दोन सिग्नल गेले. नाना घरं बघत होते, दुकानं बघत होते.

"ती छत्री परत द्यायची राहिली," एकदम ते म्हणाले.

"कुठली?"

"त्या दुसऱ्या घरातली. चांगली माणसं होती. बाईने दोनदा चहा विचारला." त्यांनी पुठ्ठ्यावरची तारीख बोटाने पुसल्यासारखं केलं. "मला बसल्या बसल्या कळलं होतं, हे घर आपलं नाही म्हणून."

"मग उठला का नाहीत?"

"उठून कुठे जायचं ते आठवेना."

वायसरने इंडिकेटर दिला. स्टेअरिंग एका बोटाने फिरलं.